चाळिशीत पुन्हा कॉलेज : बी.एड.च्या पलीकडे

लग्न, बाळंतपण, नवऱ्याची बदली किंवा घरातले आजारपण यांपायी ज्या स्त्रियांचे शिक्षण सुटते, त्यांतल्या बऱ्याच जणी पस्तिशी-पन्नाशीच्या दरम्यान पुन्हा पदवीकडे वळतात. महाराष्ट्रात ही वाट जुनी आहे. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालवले. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये काढलेले महिला विद्यापीठ आज एसएनडीटी म्हणून ओळखले जाते. बी.ए., बी.कॉम.सारख्या पदव्यांना कमाल वयाची अट नसते. चूक होते ती अभ्यासक्रम निवडताना.

नेहमीचे मार्ग थोडक्यात असे. बी.ए., बी.कॉम. आणि एम.ए. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून (स्थापना १९८९), इग्नूतून (१९८५) किंवा एसएनडीटीच्या दूरशिक्षणातून करता येते. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मात्र तो अभ्यासक्रम त्या वर्षीच्या यूजीसीच्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी पाहावे. अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग आणि कायदा घरबसल्या होत नाहीत. कोणी तसे सांगून पैसे मागत असेल तर तिथून उठून यावे.

घरात विषय निघाला की उत्तर मात्र तयार असते : बी.एड. करून टाक. शाळा दुपारी सुटते, सुट्ट्या मुलांबरोबर मिळतात, पेशाला मान आहे. या सगळ्यात नोकरी मिळेल का, एवढेच कोणी पाहत नाही. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे आहे आणि त्यात शाळेत जाऊन करायची कित्येक आठवड्यांची इंटर्नशिप असते. मुक्त विद्यापीठाचे बी.एड. सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे, गृहिणीला ते मिळत नाही. पदवी हाती आली तरी सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या नेमणुकीला ती चालत नाही, तिथे डी.एल.एड. लागते. सहावी ते आठवीला टीईटी हवी, भरतीसाठी अभियोग्यता चाचणी वेगळी. राज्य शासनाच्या नोकरीची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे. चाळिसाव्या वर्षी प्रवेश घेतलेल्या स्त्रीचे बी.एड. संपते बेचाळिसाव्या वर्षी. मग बहुतेकींच्या वाट्याला येते ती विनाअनुदानित शाळेतली तुटपुंज्या पगाराची नोकरी. जिला शिकवण्याची खरोखर ओढ आहे तिने हे सारे जाणून बी.एड. जरूर करावे. घराच्या वेळापत्रकात बसते म्हणून करू नये.

विशीत दबाव आईवडिलांचा असतो. चाळिशीत तो नवऱ्याचा, सासरचा आणि वाढत्या मुलांचाही. ‘आता कशाला शिकतेस’ यापेक्षा ‘घर सांभाळून कर’ हे वाक्य अधिक घात करते, कारण ते परवानगीसारखे ऐकू येते. त्याचा खरा अर्थ असा की डबे, स्वयंपाक, म्हाताऱ्या माणसांची पथ्ये यांतले काहीही दुसरे कोणी उचलणार नाही आणि अभ्यास रात्री अकरानंतर. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले की तेच घर ‘तुला झेपत नाही’ म्हणायला मोकळे. म्हणून परीक्षेच्या पंधरवड्यात पोळ्या कोण करणार किंवा आणणार, फी कुठून येणार, हे प्रवेशाआधी ठरवून घ्यावे. यंदा मुलीची बारावी आहे, पुढच्या वर्षी जा, असा आग्रह हमखास होतो. पुढच्या वर्षी तिची सीईटी असते आणि त्याच्या पुढच्या वर्षी धाकट्याची दहावी.

पदवी झालेल्या स्त्रीसाठी या वयातला सर्वांत दुर्लक्षित पर्याय म्हणजे तीन वर्षांचे एलएल.बी. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ मध्ये झाला आणि सोराबजींना वकील म्हणून उभे राहता आले ते पन्नाशी उलटल्यावर. अलीकडच्या काळात ४५ वर्षांवरील व्यक्तीला सनद न देण्याचा बार कौन्सिलचा नियम होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केला. २०२४ च्या निकालानुसार सनदेच्या नोंदणीला कायद्याने ठरवलेले ७५० रुपयेच घेता येतात, अनुसूचित जाती-जमातींकडून १२५. प्रवेशाला सीईटी असते आणि पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात. ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पुढे बार परीक्षा द्यावी लागते. मृत्युपत्रे, वारस दाखले, सोसायट्यांची भांडणे, ग्राहक आयोगातल्या तक्रारी, बँकेसाठी मालमत्तेचे सर्च रिपोर्ट, कौटुंबिक न्यायालय : या कामांत पिकल्या केसांचा तोटा होत नाही, पक्षकार उलट विश्वासाने बोलतो. ज्या बाईने सासऱ्यांच्या जमिनीच्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातले आहेत, तिला कागद वाचायला वेगळे शिकवावे लागत नाही. तोटेही आहेत. ७० टक्के हजेरी लागते, पहिली दोन-तीन वर्षे ज्युनिअर म्हणून हाती फारसे पडत नाही आणि पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही.

बारावी न झालेल्या स्त्रीने इथे विशेष जपावे. बारावी न होताच मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदवी बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार एलएल.बी.ला चालत नाही. आधी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून किंवा एनआयओएसमधून बारावी करावी. वर्ष जाते, पण दार बंद होत नाही.

अर्धवट सुटलेल्या पदवीबद्दलही गैरसमज आहेत. नव्या शैक्षणिक धोरणातली श्रेयांकांची बँक २०२१ मध्ये सुरू झाली. पंचवीस वर्षांपूर्वी एस.वाय.पर्यंत झालेली बी.ए. तिच्यात आपोआप जमा होत नाही. त्यासाठी विद्यापीठाकडे लेखी विचारणा करावी लागते.

राहतात कागदपत्रे. शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या गुणपत्रिका, मायग्रेशन आणि शिक्षणातल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र जूनच्या आधी गोळा करावे. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, ही सर्रास आढळणारी अडचण. तिला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते. पदवीवर कोणते नाव हवे हे प्रवेश अर्ज भरतानाच ठरवावे, कारण नंतर ते बदलायचे तर विद्यापीठाच्या खिडकीपुढे पुन्हा पहिल्यापासून रांग लावावी लागते.