डोळा कुठे रमतो?

भारी दुर्बिणींची तुलना दुकानाच्या काउंटरवर होत नाही. उजनी धरणाच्या जलाशयावर आणि पुण्याभोवतीच्या माळांवर पक्षी बघताना ज्या गोष्टी पटत गेल्या, त्या या.

1. मध्यभागाच्या स्पष्टतेवर भाळू नये. झाइस व्हिक्टरी एसएफ, स्वारोव्हस्की एनएल प्युअर आणि लायका नॉक्टिव्हिड, तिन्ही 8×42. भिगवणला चिखलात टिपणाऱ्या छोट्या टिलव्याच्या पाठीवरची पिसं तिन्हींतून सारखीच लख्ख दिसतात. फरक त्याच्याभोवती असतो.

2. 1000 मीटरवर एनएल प्युअर 159 मीटर रुंदीचं दृश्य दाखवते, एसएफ 148, नॉक्टिव्हिड 135. पट्टकादंबांचा थवा पाण्यावरून उठला की हा फरक लगेच कळतो. एनएलमध्ये पुढचा आणि मागचा पक्षी एकाच वेळी मावतात, दुर्बिणीची काळी कड जाणवतच नाही. थव्यांसाठी मी तीच घेईन. पण माळावर दगडावर बसलेला ससाणा निवांत बघायचा असेल, तर माझा हात नॉक्टिव्हिडकडे जातो. तिचे रंग भरलेले वाटतात. पुढचं गवत, ससाणा आणि मागची टेकडी आपापल्या अंतरावर उभी दिसतात. रुंदीच्या आकड्यात हे सुख मोजता येत नाही.

3. दुर्बीण फिरवून बघावी. कडेपर्यंत स्पष्ट दिसणं वेगळं आणि कडेच्या सरळ रेषा सरळ दिसणं वेगळं. या रेषा मुद्दाम किंचित वाकत्या ठेवल्या नाहीत, तर दुर्बीण आडवी फिरवताना दृश्य गोळ्यावरून घरंगळल्यासारखं वाटतं. काहींना त्याने गरगरतं, काहींना पत्ताही लागत नाही. इथे दुसऱ्याचं मत कामाचं नाही.

4. दुर्बिणीतून पार होणाऱ्या प्रकाशाच्या टक्केवारीवरून वाद घालू नये. 91 आणि 92 मधला फरक डोळ्याला कळत नाही. भिंगाचा व्यास भागिले वर्धन, हे गणित मात्र ध्यानात ठेवावं. 8×42 मधून डोळ्याशी 5.25 मिलिमीटरचं प्रकाशवर्तुळ येतं, 8×32 मधून 4. भर दुपारी बाहुलीच दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, त्यामुळे हलकी 8×32 उजेडात कमी पडत नाही. दिवेलागणीला वाटेवर रातवा बसला की मोठं भिंग उपयोगी पडतं. वाढत्या वयात बाहुली कमी उघडते, तेव्हा हा फायदाही घटतो.

5. पांढऱ्या आभाळावर कावळा बघावा. पंखांच्या कडेला जांभळी-हिरवी किनार किती उमटते, ते तिथे दिसतं. सूर्य बाजूला असताना दृश्याच्या खालच्या कडेला पांढुरकी चंद्रकोर आली, तर आधी आयकप एक टप्पा वर-खाली करून बघावा. अनेकदा दोष डोळा ठेवण्याच्या जागेचा असतो. थेट सूर्याकडे मात्र कधीच रोखू नये.

6. चष्मा असेल तर तो लावूनच सगळं तपासावं.