दहापैकी दहा देऊन टाकल्यावर

रोलर कोस्टरला गुण देताना मोबाइलच्या स्प्रेडशीटमध्ये ८/१० असं लिहू नये. शीटला ते गुण वाटत नाहीत, तारीख वाटते. फाइल अमेरिकन पद्धतीवर असेल तर १० ऑगस्ट, भारतीय पद्धतीवर असेल तर ८ ऑक्टोबर. चौकटीत बऱ्याचदा ८/१०च दिसत राहतं, म्हणून काही बिघडलंय असं वाटतही नाही. आत मात्र १८९९ च्या अखेरीपासून मोजलेले दिवस साठवलेले असतात. त्यामुळे सरासरी काढली की उत्तर ४५ हजारांच्या पुढे जातं. ९.५/१० ची गत आणखी वाईट. अशी कुठली तारीख नसते, म्हणून शीट त्याला नुसता मजकूर समजतं आणि सरासरीतून गुपचूप वगळतं. म्हणजे जे कोस्टर सगळ्यात जास्त आवडले, तेच नेमके हिशेबाबाहेर. ‘दहापैकी’ हे रकान्याच्या डोक्यावर लिहावं, चौकटीत फक्त आकडा.

हे झालं यंत्राचं. माणसाचं जास्त अवघड आहे.

आम्ही ओहायोत राहतो. उत्तरेला ईरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंट, दक्षिणेला सिनसिनाटीजवळ किंग्ज आयलंड, त्यामुळे पन्नाशीकडे झुकलेल्या बाईलाही हा नाद लागू शकतो. एका उन्हाळ्यात पुण्याहून भाचा आला. खोपोलीजवळच्या इमॅजिकातला नायट्रो हा त्याने पाहिलेला पहिला मोठा कोस्टर. उंची सुमारे ४० मीटर, पायाखाली फळी नाही, पाय हवेत लोंबकळत. त्याने शीटमध्ये पहिलीच ओळ भरली ती नायट्रोची, आणि दहा गुण देऊन मोकळा झाला. मग सीडर पॉइंटला आम्ही मिलेनियम फोर्सवर बसलो. तो २००० साली सुरू झाला. उंची ३१० फूट, म्हणजे ९४ मीटर, आणि वेग ताशी दीडशे किलोमीटर. खाली उतरल्यावर भाच्याचा पहिला प्रश्न, “मावशी, आता याला किती देऊ?”

“अकरा दे.”

“तसं चालत नाही गं.”

चालत नाही, हे खरंच. मग त्याने नायट्रोचे गुण नऊ केले. तिथल्याच स्टील व्हेंजन्स या कोस्टरनंतर आठ. बिचाऱ्या नायट्रोने काहीच केलं नव्हतं. गुण देणाऱ्याची पट्टीच दर वेळी लांब होत होती. माझ्या स्वतःच्या शीटमध्येही जुने आठ आणि नवे आठ एका मापाचे नाहीत, आणि कुठलंही सूत्र लावून ते एका मापाचे होत नाहीत. शीटचं ‘रँक’ सूत्र तर अशा वेळी थट्टाच करतं. आठ गुणांचे पाच कोस्टर असले की पाचही जण चौथे, आणि त्यानंतरचा एकदम नववा.

यावर तोड पूर्वीच निघालेली आहे. अमेरिकेत मिच हॉकर यांनी १९९० च्या दशकापासून कित्येक वर्षं कोस्टरची जनमत चाचणी चालवली. त्यांचा हिशेब गुणांवर नव्हता, जोड्यांवर होता. या दोन्ही कोस्टरवर बसलेली माणसं किती, आणि त्यांतल्या कितींना कुठला जास्त आवडला? असं प्रत्येक जोडीचं पाहायचं. त्यामुळे आडगावातला, मोजक्याच लोकांनी पाहिलेला लाकडी कोस्टरही मोठ्या नावांपुढे दबून जात नसे. एकट्याच्या यादीलाही हीच रीत लावावी. नवा कोस्टर आला की यादीच्या बरोबर मधल्याशी त्याची तुलना करायची. हा बरा की तो? बरा वाटला तर वरच्या अर्ध्या भागातला मधला घ्यायचा, नाहीतर खालच्या. साठ कोस्टरच्या यादीत नव्याची जागा जास्तीत जास्त सहा प्रश्नांत सापडते. ‘किती गुण’ या प्रश्नावर रेंगाळणारं मन ‘हा की तो’ला चटकन उत्तर देतं.

जागा सापडली की फोनच्या छोट्या पडद्यावर बोटाने ओळ ओढत बसू नका, ती भलतीकडे जाऊन पडते. सातव्या आणि आठव्याच्या मधे आला ना, तर क्रमांकाच्या रकान्यात ७.५ लिहा आणि सॉर्ट करा. सॉर्ट करताना फिल्टर लावून पूर्ण तक्ताच करावा. फक्त एक रकाना निवडून केला तर नावं जागच्या जागी आणि क्रमांक दुसऱ्यांचेच, आणि हा घोळ महिनाभराने लक्षात आला तर निस्तरता येत नाही. पहिली ओळ गोठवून ठेवा. फाइल ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा, कारण गर्दीच्या दिवशी पार्कात नेटवर्कचा भरवसा नसतो.

आणि क्रमवारीच्या शीटखेरीज एक रोजनिशीचं शीट वेगळं हवं, एका बसण्याला एक ओळ. त्यात तारीख, वेळ, हवा आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डब्यातली रांग. मागे बसलेल्याला शिखरावरून अक्षरशः खेचून नेलं जातं, कारण तोवर गाडीचा बराचसा भाग उतरणीला लागलेला असतो. पुढच्याला उलट कड्यावर लटकत वाट पाहावी लागते, पण समोरचं आभाळ त्याचंच. लाकडी कोस्टर तर सकाळी एक आणि रात्री दुसराच असतो. दिवसभर फिरून चाकं तापली की गाडी मोकळी धावते. किंग्ज आयलंडचा द बीस्ट १९७९ चा, लांबी ७,३६१ फूट, बराचसा झाडीतून जाणारा. दुपारी बसलात तर ‘बरा आहे’ म्हणाल. अंधार पडल्यावर बसा, मग बोलू.

नोंद उतरल्यावर करावी, सावलीत बसून. रांगेत उभं राहून आधीच क्रमांक ठरवणारे मी पाहिलेत. पुढे गाडीत त्यांना बिचाऱ्यांना स्वतःचाच आकडा खरा करायचा असतो.

नावांचाही गोंधळ असतो. १९९१ चा लाकडी मीन स्ट्रीक बदलून २०१८ मध्ये स्टील व्हेंजन्स झाला. सांगाडा लाकडीच, रूळ पोलादी, आणि अनुभव इतका निराळा की दोन ओळी हव्यातच. टॉप थ्रिल ड्रॅगस्टरही २०२४ मध्ये टॉप थ्रिल टू होऊन आला. उंची तीच ४२० फूट, पण आता गाडी पुढे, मागे, पुन्हा पुढे अशी झेपावते. त्यालाही नवी ओळ. जेमिनी या कोस्टरचे दोन समांतर रूळ एक मोजायचे की दोन, यावर शौकीन हमरीतुमरीवर येतात. मी एक मोजते. प्रत्येक नव्या कोस्टरला ही मंडळी ‘क्रेडिट’ म्हणतात आणि ते वाढावं म्हणून लहान मुलांच्या कोस्टरवर गुडघे हनुवटीला लावून बसतात. खुशाल बसावं, पण मागे रांगेत खरी लहान मुलं उभी असतात.

गोराईच्या एस्सेलवर्ल्डमधले कोस्टर मी क्रमवारीत घेतलेले नाहीत. लहानपणच्या आठवणीची आजच्या पाठदुखीशी तुलना होत नाही आणि ते पार्क २०२२ पासून बंद आहे, म्हणजे पडताळाही नाही. त्यांना रोजनिशीत तारखेविना जागा आहे.

शेवटी एक रकाना मी हल्ली वाढवलाय, ‘पुन्हा बसणार?’ त्यात फक्त हो किंवा नाही. मॅग्नम एक्सएल-२०० हा १९८९ चा, पूर्ण फेरी मारणाऱ्या कोस्टरांत दोनशे फुटांपलीकडे गेलेला पहिला. शेवटच्या टेकड्यांवर तो आसनावरून असा उचलून आपटतो की मांड्या दोन दिवस ठणकतात. माझ्या यादीत तो पहिल्या पाचांत आहे. ‘पुन्हा बसणार?’ समोर ‘नाही’. भाच्याच्या शीटमध्ये तो बाराव्या क्रमांकावर आणि समोर ‘हो’. दोन्ही शीटं बरोबर आहेत.