दोन व्यवस्थांमधील हाकेचा संकेत



बार्शी लाइट रेल्वे आपल्या जिल्ह्यांतील वडील मंडळींच्या चांगली स्मरणांत आहे. इ. स. १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीस आलेला व पुढें येडशीवरून १९११ सालीं लातुरास पोहोंचलेला हा लोहमार्ग अवघा अडीच फूट रुंदीचा होता. कुर्डुवाडीस त्याला भेटणारा मोठा मार्ग साडेपांच फुटांचा. लहान गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चालत नसे. म्हणून तेथें माल एका गाडींतून उतरवून दुसरींत भरावा लागे. इ. स. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद झाला आणि ही अदलाबदल संपली. परंतु दोन निराळ्या व्यवस्था जेथें भेटतात, तेथें माल कसा द्यावयाचा, कसा घ्यावयाचा आणि शेवटीं फलाट कोणीं मोकळा करावयाचा, हें आधीं ठरलें पाहिजे. संगणकांतही असेंच एक कुर्डुवाडी असतें. त्याचा विचार आम्ही या पाठांत करणार आहों.

सी भाषेंत लिहिलेला प्रोग्राम थेट प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतरित होतो. त्यास नेटिव्ह म्हणतात. मायक्रोसॉफ्टनें इ. स. २००२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या डॉट नेट व्यवस्थेंतील प्रोग्राम मात्र रनटाइम नांवाच्या कारभाऱ्याच्या देखरेखीखालीं चालतो. वापरून झालेली स्मृतिही तो कारभारीच मोकळी करतो. अशा प्रोग्रामास मॅनेज्ड म्हणतात. नवें काम या दुसऱ्या प्रकारांत करणें सोपें. परंतु वर्षानुवर्षें पारखलेलीं पुष्कळ फंक्शनें पहिल्या प्रकारांत आहेत. म्हणून मॅनेज्ड प्रोग्रामास नेटिव्ह फंक्शनाला हाक मारावी लागते.

हाक मारतांना फंक्शनास लागणारीं मूल्यें द्यावयाचीं असतात. ३२ बिटांच्या विंडोजवर तीं सामान्यतः स्टॅकवर ठेवितात. स्टॅक म्हणजे घरांतील मडक्यांची उतरंडच: जें शेवटीं ठेविलें तें प्रथम निघतें. काम आटोपल्यावर परत कोठें जावयाचें, ती खूणही याच उतरंडींत असते. म्हणून दिलेलीं मूल्यें काढून उतरंड पूर्ववत् झालीच पाहिजे. तें कोणीं करावें? येथें दोन संकेत आहेत.

सीडेक्ल संकेतांत हाक मारणारा उतरंड साफ करतो. स्टडकॉल संकेतांत हाक ऐकणारें फंक्शन ती साफ करतें. दोहोंसही कारण आहे. सी भाषेंतील प्रिंटएफ या फंक्शनास कधीं दोन तर कधीं सात मूल्यें देतात. किती दिलीं हें देणाऱ्यास पक्कें ठाऊक असतें, म्हणून तीं उचलण्याचें कामही त्याच्याच हातीं ठेविलें आहे. उलट स्टडकॉलमध्यें साफसफाईची आज्ञा फंक्शनांत एकदांच लिहिली कीं पुरे. हाकेच्या प्रत्येक ठिकाणीं ती पुन्हां लिहावी लागत नाहीं.

आतां चूक कशी होते तें पाहा. चार चार बाइटांचे दोन पूर्णांक दिले, म्हणजे उतरंडीवर ८ बाइट चढले. फंक्शन सीडेक्ल आहे, पण हाक मारणाऱ्यानें स्टडकॉल समजून हात झटकले. दोघेही दुसऱ्यावर विसंबले. ८ बाइट तसेच पडून राहिले. याच्या उलट घडलें, तर दोघेही साफ करतात आणि भलतेच ८ बाइट निघून जातात. दोन्ही वेळां उतरंडीचा हिशेब चुकतो; परतीची खूण सांपडत नाहीं आणि प्रोग्राम कोसळूं शकतो. कधीं तो लगेच कोसळत नाहीं, पुढें दुसऱ्याच ठिकाणीं बिघडतो. मग दोष शोधणें अत्यंत कठीण होतें.

उपाय एका शब्दाचा आहे. डॉट नेटमध्यें नेटिव्ह फंक्शनाची ओळख डीएलएलइम्पोर्ट या सूचनेनें करून देतात. तींतच संकेताचें नांव स्पष्ट लिहावें. कांहीं न लिहिल्यास विंडोजवर स्टडकॉल गृहीत धरला जातो. सी भाषेचा कंपायलर मात्र तेथें सहसा सीडेक्ल धरतो. दोघांचीं गृहीतें निराळीं, आणि मौन हेंच चुकीचें मूळ! म्हणून फंक्शनाचें माहितीपत्रक वाचून मगच संकेत लिहावा.

६४ बिटांच्या विंडोजवर नेहमींच्या व्यवहारास एकच संकेत आहे; पहिलीं चार मूल्यें रजिस्टरांतून जातात. तेथें चुकीचा शब्द लिहिला तरी खपून जातो. परंतु तोच प्रोग्राम एखाद्या कचेरींतील ३२ बिटांच्या जुन्या संगणकावर नेला, कीं लपलेली चूक वर येते, आणि तेथें बसलेल्या कारकुनाचें काम खोळंबतें. आपल्यापुढें चाललें म्हणजे बरोबर झालें, असें समजूं नये.

पालकांसही विनंती आहे कीं, मुलांनीं हें घरीं उतरंड मांडून समजावून सांगितलें तर अवश्य ऐकावें.

अभ्यासासाठीं प्रश्न:
१. प्रिंटएफ या फंक्शनास सीडेक्ल संकेत कां सोईचा?
२. चार चार बाइटांचीं तीन मूल्यें दिलीं व कोणींच साफ केलीं नाहींत, तर किती बाइट उरतील?
३. घरांतील असें एक काम सांगा, जें दुसरा करील या समजुतीनें राहून जातें.