मिरगाआधीची तयारी

प्रश्न : नोकरी पुण्याच्या कंपनीत, मी मालवणला घरून काम करते. पावसाळ्यात लाइट गेली की मीटिंग अर्धवट राहते. लॅपटॉपचे पोर्टही गंजतात. काय करू?

उत्तर : राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच घ्या. बहुतेक राउटर 12 व्होल्टचे असतात. लाइट असूनही नेट बंद आणि फायबर मोडेमवर ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत असेल, तर केबल बाहेर कुठेतरी तुटलेली असण्याची शक्यता जास्त. मोडेम बंद-चालू करत बसू नका, लगेच तक्रार नोंदवा. तोवर दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी असू द्या.

गंज चढतो खाऱ्या, दमट वाऱ्यामुळे. टेबल खिडकीपासून दूर मांडा. काम संपलं की लॅपटॉप बंद करा आणि थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

2020 च्या निसर्ग वादळानंतर कोकणातली कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. तिथे यूपीएस पुरत नाही. म्हणून संपर्क तुटल्यास तुमचं काम कोण पाहील, हे साहेबांशी बोलून मे महिन्यातच लेखी ठरवा. एवढी तयारी असेल, तर गाव सोडायची गरज नाही.