छोट्या घराचे सामान

मुंबईत भाड्याची खोली घेतली, की अनामत रक्कम देऊन हाती थोडेच पैसे उरतात. अशा वेळी सामान घ्यायला निघण्यापूर्वी खोली मोजा.

समजा, खोली बारा फूट लांब व दहा फूट रुंद आहे. म्हणजे जागा 120 चौरस फूट. सहा फूट लांब व चार फूट रुंद पलंगाने त्यातील 24 चौरस फूट जागा जाते. सोफा आणला, तर चालायचे कुठून? दाराची आणि जिन्याची रुंदीही मोजा. नाहीतर स्वस्तात मिळालेले कपाट खालीच राहील!

जुने सामान घेण्यात कमीपणा नाही. ओशिवऱ्याला जुन्या लाकडी सामानाचा बाजार आहे. भेंडी बाजाराजवळच्या चोर बाजारातही ते मिळते. लाकडाला बारीक छिद्रे असून खाली भुसा पडत असेल, तर ते किडीने पोखरलेले समजा. जुनी गादी मात्र घेऊ नका. तिच्याबरोबर ढेकूण घरी येतात.

जेवणाच्या टेबलावाचून अडत नाही. दस्तरखान उचलला, की तेथेच जानमाज अंथरता येते आणि रात्री बिछाना घालता येतो. पण घरात दहावीची मुलगी असेल, तर सगळे झोपल्यावर ती कुठे वाचणार? तिच्यासाठी खिडकीजवळच्या भिंतीला बिजागऱ्यांनी एक फळी बसवा. अभ्यास झाला, की फळी खाली सोडता येते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यावर उजेड डावीकडून यावा. मग उर्दू लिहा की मराठी, हाताची सावली अक्षरांवर पडत नाही.