खराब मॅनेजमेंटची सॉफ्टवेअर कंपनी : कशी ओळखायची, आणि तिथं असाल तर काय करायचं?



आपण नेहमी उधारी, स्टॉक, गिऱ्हाईक यावर बोलतो. आजचा विषय मुद्दाम वेगळा घेतलाय. मिरज-सांगलीची कितीतरी पोरं इंजिनिअरिंग किंवा बीसीए करून हिंजवडी-खराडीला नोकरीला जातात. काहीजण इथंच छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागतात. त्यांचा मला येणारा प्रश्न जवळजवळ एकच असतो : "सर, रोज बारा तास बसतो, तरी काम संपत नाही. मीच कमी पडतोय का?"

मी प्रोग्रॅमर नाही, दुकानदार आहे. पण काम कोणी ठरवायचं, कोणी करायचं आणि कोणी तपासायचं, हा हिशोब दुकानात आणि सॉफ्टवेअर कंपनीत सारखाच असतो. म्हणून आजच्या धड्याचं एक वाक्य आधीच लिहून घ्या : काम सारखं रखडत असेल, तर माणसाला दोष देण्याआधी व्यवस्था तपासा.

४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर

अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर खरेदी-विक्री करणारी मोठी कंपनी होती. २०१२ मध्ये त्यांना नवीन प्रोग्रॅम ८ सर्व्हरवर टाकायचा होता. ७ वर टाकला, एक राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता. १ ऑगस्ट २०१२ ला सकाळी बाजार उघडला, तो जुना कोड जागा झाला आणि नको त्या ऑर्डरी धडाधड सोडत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरचं नुकसान झालं. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आता सांगा, चूक कोणाची? ज्याच्या हातून सर्व्हर राहिला त्याची, असं म्हणणं सोपं आहे. पण चौकशीत काय निघालं बघा. झालेलं काम दुसऱ्या माणसाने तपासावं, असा लेखी नियमच नव्हता. जुना कोड कोणी काढला नव्हता. बाजार उघडण्याआधी सिस्टिमने ९७ ई-मेल पाठवले होते, पण ते बघून हालचाल करणं हे कोणाचंच ठरलेलं काम नव्हतं. एका माणसाची विसर होणारच. ती पकडायला दुसरा हात ठेवणं हे मॅनेजमेंटचं काम.

माणसं वाढवली की काम लवकर होतं?

आयबीएममध्ये मोठा प्रोजेक्ट सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात एक नियम मांडला : उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर नवीन माणसं टाकली, तर उशीर आणखी वाढतो. कारण नव्या माणसाला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो आणि एकमेकांशी बोलणंही वाढतं. ३ माणसांत बोलणाऱ्या जोड्या ३ होतात, ६ माणसांत १५ आणि १० माणसांत ४५!

आपल्या मिरजेच्या माणसाला हे पटकन कळेल. तंबोऱ्याची जवारी लावायला एक जाणता कान आणि एक हात लागतो. गिऱ्हाईक घाईत आहे म्हणून एकाच घोडीवर चौघं बसवले, तर तंबोरा लवकर तयार होत नाही, बिघडतो मात्र नक्की.

ओळखायच्या चार खुणा

१. काम तोंडी येतं. जाता-येता सांगितलं जातं, आणि नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" ऐकायला मिळतं.

२. दोन साहेब, दोन हुकूम. दोघांचंही काम "अर्जंट". कुठलं आधी, हे कोणीच सांगत नाही.

३. तारीख देणारा वेगळा. विक्रीवाला गिऱ्हाईकाला शब्द देऊन येतो. काम करणाऱ्याला किती दिवस लागतील, हे कोणी विचारत नाही. मग पहिली काट बसते टेस्टिंगला.

४. चूक झाली की "कोणी केलं?" एवढंच विचारतात. "कशामुळे झालं?" हा प्रश्नच नाही. मग माणसं चुका लपवायला लागतात आणि त्या गिऱ्हाईकाकडे जाऊन फुटतात.

एखादी खूण सगळीकडे सापडेल. तीन-चार एकत्र दिसल्या आणि महिनोन्महिने टिकल्या, तर बारा तास बसण्यामागचं कारण तुमच्यात शोधू नका.

नोकरीत असाल तर

- तोंडी काम आलं की लगेच दोन ओळींचा मेल टाका : "आपण सांगितल्याप्रमाणे अमुक काम शुक्रवारपर्यंत करतो. त्यामुळे तमुक काम सोमवारी जाईल. चालेल ना सर?" भांडण नाही, तक्रार नाही. फक्त निर्णय ज्याचा, त्याच्याकडे परत गेला.
- पगाराची स्लिप दर महिन्याला स्वतःकडे सेव्ह करा. स्लिपवर पीएफ कापलेला दिसत असेल, तर पासबुकात जमा झालाय का तेही बघा. कापून घेतात पण भरत नाहीत, अशी शंका आली तर थांबू नका, पीएफ कार्यालयात तक्रार करता येते.
- मूळ मार्कशीट, डिग्री कोणाकडे ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या. बाँडवर सही करण्याआधी घरच्यांना आणि एखाद्या वकिलाला दाखवा.
- तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाका. खिशात पैसे असले की "नाही" म्हणायला जमतं.
- नोकरी सोडायची ठरली तर रागात सोडू नका. नोटीस पिरियड पूर्ण करा, रिलीव्हिंग लेटर घ्या.

आणि एक सांगतो. झोप उडाली, जेवण सुटलं, तर आधी घरी बोला, डॉक्टरला दाखवा. नोकरी दुसरी मिळते.

मालक असाल तर

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून पुढं आले. धंदा आणि गिऱ्हाईक कैलाश यांनी सांभाळलं, प्रोग्रॅमिंगची बाजू धाकटे भाऊ संजय यांनी. त्यातून क्विक हील अँटिव्हायरस उभा राहिला आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. या यशाला कारणं बरीच असतील, पण आपल्याला आज उचलायचा मुद्दा एकच : कोणाचं काम कुठलं, हे स्पष्ट होतं.

तुमच्याकडे दोन प्रोग्रॅमर असोत की वीस, काम सांगणारा माणूस एकच ठेवा. तारीख त्यांना विचारून द्या. तपासायला दुसरा माणूस ठेवा. याला पैसे लागत नाहीत, शिस्त लागते.

आजचा गृहपाठ : गेल्या महिन्यात रखडलेलं एक काम घ्या. कोणी सांगितलं, कोणी केलं, कोणी तपासलं, या तीन रकाने करून नावं लिहा. जो रकाना रिकामा राहील, दुरुस्ती तिथून सुरू करा. कुठला रकाना रिकामा निघाला, ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये जरूर लिहा. कंपनीचं नाव मात्र लिहू नका!

भेटू पुढच्या धड्यात.