श्रीगोंद्याची लिंबोणी

शास्त्रपाठाच्या तासाला जैतुनाच्या झाडाचा उल्लेख आला, म्हणजे वर्गातील एखादा चौकस मुलगा हटकून विचारतो, "गुरुजी, ती झाडे राखणारी माणसे दिवसभर करतात तरी काय?" झाड कसे दिसते हे चित्र दाखवून सांगता येते, पण या प्रश्नास चित्र पुरत नाही. पुस्तकांवरून इतके कळते, की इटलीतील शेतकरी हिवाळा सरता सरता जैतुनाची छाटणी करतो, वैशाखाच्या सुमारास बारीक पांढरा मोहोर येतो, आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत झाडांखाली जाळी अंथरून लांब दात्यांच्या फण्यांनी फळे ओरबाडून खाली पाडतात. फळ फार वेळ पडून राहिले तर तेल बिघडते, म्हणून ते लवकर घाण्यावर न्यावे लागते. पाच-सहा किलो फळे गाळावी तेव्हा कोठे लिटरभर तेल हाती येते.

इटली हा देश आपल्या जिल्ह्यास अगदीच परका आहे, असे मात्र नव्हे. आपल्याकडील निमज गावचे नामदेव जाधव हे मराठा पलटणीतील शिपाई ९ एप्रिल १९४५ रोजी तेथील सेनिओ नदीवर लढले. दोघा जखमी सोबत्यांस त्यांनी एकामागून एक वाहून सुरक्षित जागी आणले, आणि त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक मिळाले. परंतु बागवानाचा दिनक्रम पाहण्यासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, दक्षिणेस श्रीगोंदे तालुका आहे. तेथे पाऊस बेताचा, वर्षाकाठी सुमारे वीस इंच, व तोही लहरी. त्या भूमीत कागदी लिंबाच्या बागा पिढ्यानपिढ्या राखल्या जात आहेत. जैतुनाप्रमाणेच लिंबोणीही सदा हिरवी, कोरड्या हवेत रमणारी, आणि धन्याकडून मोठा धीर मागणारी. रोप लावल्यापासून फळ दिसावयास तीन-चार वर्षे तरी जातात.

काही वर्षांमागे आम्ही मुलामुलींस घेऊन अशी एक बाग दोन वेळा पाहिली. पहिल्यांदा गेलो तो भाद्रपद होता. बाग पाहून मुलांचा विरस झाला. पाने फिकी पडलेली, कडा वळलेल्या, झाडांखाली गळलेल्या पानांचा थर. आणि जवळच विहिरीत पाणी मात्र स्वच्छ दिसत होते! बागेचे मालक एक वृद्ध गृहस्थ होते. आमच्यातील एका कनवाळू मुलीने विहिरीवरील बादली उचलली व ती एका झाडाकडे निघाली. म्हातारबुवा हसत आडवे झाले. "राहू दे, बाई. आता तू झाडाला पाणी पाजशील, आणि चैत्रात मला उपाशी ठेवशील."

या एका वाक्यात बागवानाची सारी विद्या आहे, यास्तव ते जरा उलगडून सांगतो.

लिंबोणीस वर्षातून तीन वेळा बहार येतो. जानेवारी-फेब्रुवारीत येतो तो आंबे बहार, पावसाच्या आरंभी येतो तो मृग बहार, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो तो हस्त बहार. झाडास त्याच्या मर्जीवर सोडले तर बहुतेक फुले आंबे बहारात येतात व हस्तात अगदी थोडी. फूल आल्यापासून फळ तयार होण्यास पाच-सहा महिने लागतात. आता हिशेब करा. आंबे बहाराची फळे पावसाळ्यात येतात, मृगाची थंडीत. त्या दिवसांत सरबत कोण पितो? भाव कधी कधी इतका पडतो, की तोडणीची मजुरीही सुटत नाही, आणि फळे झाडाखालीच कुजू देणे स्वस्त पडते. हस्त बहाराची फळे मात्र ऐन उन्हाळ्यात हाती येतात. म्हणजे जो बहार झाड सर्वांत कमी देऊ इच्छिते, तोच धन्यास सर्वांत अधिक हवा असतो.

ही कोंडी फोडण्याचा उपाय म्हणजे ताण. बहाराच्या आधी चार-सहा आठवडे झाडाचे पाणी तोडतात. जमीन हलकी असेल तर थोडे दिवस, भारी असेल तर अधिक. पाणी तुटले, की झाडाची वाढ थांबते व फांद्यांत अन्नाचा साठा होतो. पाने पिवळी पडून त्यांतील काही गळली, म्हणजे ताण बसला असे समजतात. मग आळी हलकेच चाळून शेणखत घालतात आणि पाणी सुरू करतात. तेही एकदम नव्हे. पहिले हलके पाणी ते आंबवणी, दुसरे त्याहून थोडे अधिक ते चिंबवणी, आणि त्यानंतर नेहमीचे. तहानलेले झाड मग फुलांनी लदबदून जाते. ताण कमी पडला तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते, आणि अधिक झाला तर फांद्याच वाळतात. त्यातही हस्ताचा ताण फार अवघड, कारण तो नेमका पावसाच्या दिवसांत द्यावयाचा असतो. श्रीगोंद्याकडे पाऊस कमी, म्हणूनच तो तेथे साधतो. ज्या उणिवेबद्दल आपण दैवास बोल लावतो तीच येथे उपयोगी पडते. तरीही भाद्रपदात एक जोराची सर आली, की महिन्याची तपश्चर्या एका रात्रीत वाहून जाते. म्हातारबुवा आमच्याशी बोलताना मधून मधून आभाळाकडे का पाहत होते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले.

बाकीची कामे सांगावयास सोपी, करावयास कठीण. लिंबोणीच्या खोडास पाणी लागून राहिले तर साल कुजून डिंक गळू लागतो. म्हणून खोडाभोवती दुहेरी आळे करतात, आतल्या वर्तुळात माती भरलेली व बाहेरच्या बांगडीत पाणी. पावसाआधी मोरचूद व चुना यांची पेस्ट खोडास फासतात. फळांवर व पानांवर खैऱ्याचे खरबरीत डाग दिसले तर रोगट फांद्या काढून जाळतात व बोर्डो मिश्रण फवारतात. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीस मिळे, तेव्हा कंदील घेऊन बारी धरण्यास जावे लागे. पुढे ठिबकच्या नळ्या आल्या तेव्हा झोप थोडी वाढली, असे म्हातारबुवा म्हणाले. मुलांस सर्वांत मौज वाटली ती विहिरीजवळच्या लहान रोपांवरील एका अळीची. ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. पण काडीने डिवचताच डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते व उग्र वास सोडते. तिचेच पुढे सुंदर फुलपाखरू होते. "फुलपाखरू असो का आणिक काही, रोपाचा पार खराटा करते," असे म्हणून म्हातारबुवांनी ती बोटांनी चिरडली, तेव्हा आमच्या काही कविमनाच्या विद्यार्थ्यांस वाईट वाटले.

दुसऱ्यांदा गेलो तो चैत्र होता. उजाडण्यापूर्वीच घरची माणसे व मजूर बाया तोडणीस लागल्या होत्या. हातांना जुन्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, तरी कोपरांपर्यंत काट्यांचे ओरखडे. ऊन चढण्याच्या आत फळे सावलीत आणून लहान-मोठी निवडावयाची, गोण्या भरावयाच्या, आणि दुपारी बाजाराची गाडी गाठावयाची. भाव त्या दिवशी चांगला होता. म्हणूनच की काय, म्हातारबुवा जेवणानंतर निवांतपणे बोलू लागले.

२०१२ चा पावसाळा कोरडा गेला होता, आणि २०१३ च्या उन्हाळ्यात त्यांची विहीर दिवसाकाठी तासभरही चालेना. बागेचे तीन तुकडे होते: वडिलांनी लावलेली जुनी झाडे, स्वतः लावलेली भरात आलेली झाडे, आणि दोन वर्षांची रोपे. पाणी साऱ्यांस पुरणार नव्हते. ताण देणे निराळे व तहानेने मारणे निराळे. पहिल्यात पाणी केव्हा द्यावयाचे हे धनी ठरवितो, दुसऱ्यात कोणास द्यावयाचे हे त्यास ठरवावे लागते. त्यांनी भरातील झाडांची निम्मी पालवी छाटून टाकली, म्हणजे पाणी कमी लागेल. बुंध्याशी उसाचे पाचट पसरले व टँकर विकत घेतले. रोपांशेजारी बुडाला भोक पाडलेली मडकी पुरून त्यांस थेंबथेंब जगविले. जुन्या झाडांचे पाणी मात्र बंद केले. ज्येष्ठात ती सरपणासाठी तोडली.

येथे आम्हांस इटलीची आठवण झाली. जानेवारी १९८५ मध्ये तेथील तोस्काना प्रांतात असे कडक हिव पडले, की जैतुनाच्या असंख्य बागा जळाल्या. शेतकऱ्यांनी खोडे जमिनीलगत कापली आणि बुंध्यांतून नवे धुमारे फुटण्याची वाट पाहिली. पुष्कळ ठिकाणी ते फुटलेही. आम्ही हे म्हातारबुवांस सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यांची मुळं जित्ती होती, गुरुजी. आमची वरपासून खालपर्यंत वाळली. पण बाप असता तर त्यानं बी हेच केलं असतं."

आतून आजीबाई म्हणाल्या, "केलं असतं का नसतं, कुणाला ठाव."

त्यावर ते काही बोलले नाहीत. मग आजीबाईंनी मुलांस घरामागे नेले. तेथे मोरीच्या उताराशी एक जुनी, वाकडी लिंबोणी उभी होती. सासऱ्यांच्या हातचे एवढे एकच झाड उरले होते. त्या उन्हाळ्यात राखेने घासलेल्या भांड्यांचे धुणावळ त्यांनी दोन्ही वेळा त्याच्या बुंध्याशी ओतले होते, आणि टँकरच्या पाण्यातील एक तांब्याही त्यासाठी कोणाकडे मागितला नव्हता. त्याची फळे बाजारात जात नसत. प्रत्येक मुलाच्या हातात दोन-दोन लिंबे ठेवून त्या म्हणाल्या, "वाटेत ऊन लागंल, पाण्यात पिळून घ्या." आम्ही पैसे देऊ लागलो, तेव्हा त्यांनी पदराला हात पुसले आणि त्या चुलीकडे निघून गेल्या.